नववी खेळाडू

संघातल्या मुली तिला मावशी म्हणायच्या. ती कुणाची मावशी नव्हती. एकुलती एक, बहीणच नाही तर भाचरं कुठून येणार? पण चौतिसाव्या वर्षी एखादी बाई बास्केटबॉल खेळत असेल, सामन्याआधी दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळत असेल आणि परतीच्या बसमध्ये सगळ्यांच्या आधी घोरायला लागत असेल, तर तिला दुसरं काय म्हणणार? पहिल्या वर्षी तिला याचा राग यायचा. तिसऱ्या वर्षापर्यंत फोन उचलल्यावर ती स्वतःच "मावशी बोलतेय" म्हणायला लागली होती.

संघ व्यावसायिक होता. लीगमध्ये नेहमी वरच्या चारांत. बारा जणींशी वर्षाचा करार असायचा. सामना चार क्वार्टरांचा, चाळीस मिनिटांचा आणि कोर्टवर एका वेळी पाच जणी, म्हणजे वाटायला मिनिटं दोनशे. ती कुणाला किती मिळतात यावर बारा जणींचा आठवडा बरा जाणार की वाईट हे ठरायचं. हंगामाच्या सुरुवातीला कोच ही मिनिटं दहा जणींत वाटत होती. पाच खेळायच्या, पाच बदलीला, आणि बदलीच्या पाचही अशा की समोरच्या संघाला श्वास घ्यायला उसंत नको. पेपरवाले लिहायचे, या संघाला खोली आहे, बाकावर बसलेल्यासुद्धा कसलेल्या आहेत.

मावशी त्या दहांतली नववी. दुसऱ्या क्वार्टरमध्ये सहा मिनिटं, चौथ्याच्या सुरुवातीला पाच. एकूण अकरा. काम ठरलेलं: कप्तान दमली की तिच्या जागी जायचं, चेंडू सांभाळून पुढे न्यायचा, आगाऊपणा करायचा नाही आणि आघाडी जेवढी हातात मिळाली तेवढीच परत द्यायची. शेजारणीने तान्हं मूल तासभर सांभाळायला दिलं तर जसं परत देतात, तसं. मावशीने ते मूल कधी पाडलं नाही.

कोच तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. एके काळी दोघी एकाच संघात होत्या, एकाच बाकावर, सहा वर्षं शेजारी शेजारी. त्यांचा तेव्हाचा कोच सातच जणींना खेळवायचा आणि या दोघी आठव्या-नवव्या. टॉवेल तोंडावर धरून त्याच्या नावाने काय काय बोलायच्या! "माझ्या हातात संघ आला ना, दहा जणींना खेळवीन. बघच तू," असं तेव्हा हीच म्हणायची. मग तिचा गुडघा गेला, ती शिकवण्याकडे वळली आणि झरझर वर चढली. मावशीला या संघात तिनेच आणलं. मुलींसमोर मावशी तिला "कोच, तुम्ही" म्हणायची. दोघीच असल्या तर "अगं तू". पण दोघीच असायचा प्रसंग गेल्या दोन वर्षांत आला नव्हता.

हंगाम अर्धा झाला आणि संघ लागोपाठ चार सामने हरला. चारही अगदी थोडक्यात. पाचव्या सोमवारी सकाळी मुली व्हिडिओ बघायच्या खोलीत शिरल्या तर फळ्यावर नंबर लिहिलेले. मदतनीस कोच, एक मितभाषी गृहस्थ, हातातल्या पेनाचं टोपण लावत उभे होते. नंबर आठ होते.

मावशीने वरून खाली वाचले, मग खालून वर. तिचा नव्हता.

"दहा जणी खेळल्या की कुणालाच लय सापडत नाही," कोच म्हणाली. ती सगळ्यांकडे बघत होती, म्हणजे कुणाकडेच बघत नव्हती. "अंग गरम होतंय तोवर बाहेर यावं लागतं. कुणाबरोबर खेळतोय हे कळेपर्यंत आपल्याच पाचातल्या दोघी बदललेल्या. आता आठ. ज्या या आठांत नाहीत त्यांनी तयार राहायचं. काहीही होऊ शकतं."

काहीही होऊ शकतं, हे वाक्य मावशीने नीट घडी घालून मनात ठेवून दिलं.

बाराव्या आणि अकराव्या नंबरच्या मुलींपैकी एकीचा खांदा निखळलेला होता आणि दुसरी ज्युनिअर संघाकडे पाठवली होती. तेव्हा आठांच्या बाहेर राहिल्या दोघी: मावशी आणि जिराफ. जिराफ म्हणजे सहा फूट चार इंच उंचीची, लांब मानेची, सव्वीस वर्षांची मुलगी. बाहेरगावी गेलं की दोघींना हॉटेलात एक खोली मिळायची.

"पेपरात म्हणतात आपल्या संघाला खोली आहे," जिराफ त्या दिवशी म्हणाली. "असेल बाई. मला तर आख्खी एक खोलीही कधी मिळाली नाही, कायम तुझ्या घोरण्यासकट."

क्लबचा एक नियम होता. सामना संपला की ज्या खेळल्या नाहीत त्यांनी मागे थांबून पळायचं. खेळलेल्यांचं शरीर थकलेलं, न खेळलेल्यांचं सुस्त. आठवडाभरात दोन्ही एका पातळीवर यायला हवीत. त्यामुळे शनिवारी दुपारी, आठ जणी बर्फाच्या पिशव्या पायाला बांधून हसत-खिदळत आत गेल्या की या दोघी रिकाम्या होत चाललेल्या हॉलमध्ये एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत धावायच्या. सोळा फेऱ्या, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा सोळा. लोक जिने उतरत मुलांचे हात धरून बाहेर पडत असायचे. एखादा थांबून बघायचा, की या दोघींना शिक्षा झालीय की काय! सफाईवाला लांब दांड्याचा पोछा घेऊन कडेकडेने यायचा आणि त्यांची फेरी संपेपर्यंत दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहायचा. जिराफ त्याला म्हणायची, "काका, आमचा घाम पुसायचा राहिलाय." तो म्हणायचा, "तुमचा घाम असतोच कुठे? तिकडे पडतो तेवढा मला पुरतो." तोही हसायचा, त्याही हसायच्या. दोघी होत्या तोवर ते जमत होतं.

मावशीचे वडील दुसऱ्या गावी एकटे राहायचे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. ऐकू कमी यायचं, डोळे मात्र तल्लख. बास्केटबॉलमधलं त्यांना काडीचं कळायचं नाही, पण प्रत्येक सामना टॅब्लेटवर कानाला हेडफोन लावून बघायचे आणि संपल्यावर तासाभराने फोन करायचे. आता लेक कोर्टवर दिसत नव्हती, तर ते बाक बघायला लागले. कॅमेरा अधूनमधून तिकडे वळायचा.

"आज तो डावा पाय सारखा हलवत होतीस. दुखतोय का?"

"नाही हो बाबा. गार पडतो बसून बसून, म्हणून हलवते."

"मग मधे मधे उठत जा."

"उठलं तर मागच्या लोकांना दिसत नाही."

"बरं," ते म्हणायचे. "टॉवेल छान फिरवतेस पण."

महिन्याभराने बदल्यांची मुदत संपत आली. त्या काळात खेळाडू एका क्लबमधून दुसऱ्यात जाऊ शकत. शेवटच्या दोन दिवसांत जिराफने खोलीच्या दारातच सांगून टाकलं, "मी चाललेय." तळाच्या क्लबने तिला उरलेल्या हंगामापुरती मागितली होती.

"तिथे अकरा जणी खेळतात," ती बॅगेत बूट कोंबत म्हणाली. "चांगल्या अशा पाचही नाहीत ना, म्हणून सगळ्यांनाच आलटून पालटून पाठवतात. पण खेळवतात तर! तुझ्याबद्दलही विचारत होते. चेंडू सांभाळणारी कुणी नाहीये त्यांच्याकडे. पंधरा मिनिटं कुठे गेली नाहीत."

मावशी खिडकीशी जाऊन उभी राहिली. तळाचा संघ. गळका हॉल. तिथे गेलं की मग पुढे कुठेच जाता येत नाही, हे तिने बघितलेलं होतं.

"इथे कुणाला काही झालं तर—" ती म्हणाली आणि थांबली.

"तर काय?"

"तर मी लागेन त्यांना."

जिराफने मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे कुणीतरी पडायची वाट बघत बसणार तू."

तिच्या बोलण्यात जराही विष नव्हतं. मावशीच्या छातीत ते बसलं मात्र काट्यासारखं. जिराफने तिला मिठी मारली, तिची हनुवटी मावशीच्या टाळूवर टेकली, आणि ती गेली.

पुढच्या शनिवारपासून मावशी एकटी धावू लागली. दोघी असताना सोळा फेऱ्या बोलण्यात संपायच्या. आता प्रत्येक फेरी मोजावी लागायची. बुटांचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत यायचा. सफाईवाला तिच्या बाजूला न येता दुसऱ्या टोकाला काम उरकायचा. एकटीशी काय थट्टा करायची, असं त्याला वाटलं असेल. बाहेरगावच्या हॉटेलात आता तिला आख्खी खोली मिळायची. दोन पलंग. एकावर ती झोपायची, दुसऱ्यावर बॅग. गावातलं भाड्याचं घर तर खायला उठायचं. स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी, एक कप, आणि पाहुण्यांसाठी म्हणून आणलेले पाच कप, वर झाकून ठेवलेले. तिने रेडिओ लावायची सवय लावून घेतली. गाणी नाहीत, बातम्याही नाहीत. कुणीतरी बोलत असलं की पुरे.

त्या आठ जणी वाईट नव्हत्या. तिच्याशी बोलायच्या, विचारपूस करायच्या. पण त्यांचं बोलणं आता आपसातल्या खुणांचं झालं होतं. "तो दुसऱ्या क्वार्टरमधला पास" म्हटलं की आठही हसायच्या. मावशीने तो पास बघितला होता, बाकावरून, सहा फुटांवरून. तरी हसताना तिला अर्ध्या क्षणाचा उशीर व्हायचा.

मग तो रविवार आला. घरचा सामना, भर दुपारचा, हॉल खचाखच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कप्तान बास्केटखाली उडी मारून उतरली ती समोरचीच्या पावलावर. पाय मुडपला. ती आडवी झाली आणि तिने घोटा दोन्ही हातांनी धरला.

त्यानंतर नक्की काय झालं ते मावशीने पुढे अनेकदा मनात लावून बघितलं. सामन्याआधीच्या जॅकेटला पुढे टिचबटणं असतात, एका हिसक्यात सगळी सुटावीत म्हणून. ती सुटली. टक-टक-टक. जॅकेट खुर्चीवर पडलं, ती उभी राहिली, गुडघ्यावरची पट्टी तिने वर ओढली. आणि मग शिट्टी वाजली. मग! हॉलमध्ये सगळ्यांनी श्वास रोखलेला असताना ती एकटी उभी होती, जायला तयार, आणि तिच्या पोटात भीती नव्हती, काळजी नव्हती. आनंद होता. लहानपणी शाळेला अचानक सुट्टी जाहीर झाली की व्हायचा, तसला.

कोचने वळून बघितलं. बाकावरच्या तिघींनीही बघितलं. तेवढ्यात फिजिओने कप्तानाला उठवलं, तिने दोन पावलं टाकून बघितली, ओठ दाबले आणि मान हलवली. खेळते. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कोचने मावशीला हाताने खूण केली, बस.

मावशी बसली. जॅकेट घालायला घेतलं तर एक बाही उलटी झालेली. हात आत अडकून बसला. ती ओढत राहिली, बाही काही सुटेना. शेजारच्या मुलीने मुकाट्याने टोक धरून ती सरळ करून दिली.

तासाभराने फोन आला.

"सामना जिंकलात."

"हो बाबा."

"ती पोरगी पडली तेव्हा तू जॅकेट काढलंस."

"तयार राहावं लागतं ना, बाबा."

तिला वाटलं, ऐकू आलं नसेल. ती पुन्हा मोठ्याने सांगणार तेवढ्यात ते म्हणाले, "शिट्टीच्या आधी काढलंस. मी मागे नेऊन दोनदा बघितलं."

तिने रेडिओ बंद केला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"जेवते आता."

"जेव," ते म्हणाले आणि फोन ठेवला. एरवी ते हवेबद्दल, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल, गुडघ्याला लावायच्या मलमाबद्दल दहा मिनिटं तरी बोलायचे.

दुसऱ्या दिवशी कप्तानाचा घोटा वांग्याएवढा सुजला. जोशात दहा मिनिटं खेळून गेली होती, ती आता अंगाशी आली. डॉक्टरांनी पाच आठवडे सांगितले. म्हणजे तिचा उपांत्य सामनाही हुकणार.

मावशीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच संध्याकाळी तिने पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे तीन सामने लावून बघितले, वहीत त्यांच्या गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे आणणारीच्या, सवयी लिहिल्या, गुडघ्याच्या नव्या पट्ट्या काढून ठेवल्या. वाईट वाटणारी आणि तयारीला लागलेली, या दोघी एकाच घरात, एकाच खुर्चीवर बसल्या होत्या, आणि एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हती.

गुरुवारी फळ्यावर नंबर लागले. ते सात होते.

तिने पुन्हा मोजले. आठातली एक गेली होती आणि तिच्या जागी कुणीच आलं नव्हतं. दुसरी गार्ड आता पस्तीस मिनिटं चेंडू सांभाळणार होती.

मीटिंग संपल्यावर मावशी सरळ कोचच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. टेबलावर आकड्यांचे कागद, अर्धं खाल्लेलं सँडविच, भिंतीला टेकवलेली कुबडी; थंडीत कोचचा जुना गुडघा अजून धरायचा. मावशीने दार लावून घेतलं.

"सात?" ती म्हणाली.

"बस ना."

"बसूनच असते मी. सांग."

कोचने चष्मा काढला. "कागदावर बघितलं, दहा वेळा बघितलं. या सात जणी एकत्र असतात तेव्हा आपण पुढे असतो. आठवी कुणीही घातली की मागे जातो."

"कुणीही नाही. मी. मला घातलंच नाहीस तर कसं कळलं तुला?"

"दहा जणी खेळत होत्या तेव्हाचे आकडे आहेत माझ्याकडे. तू चुका करत नाहीस. कधीच नाही केल्यास. पण तू असतेस तेव्हा काही घडतही नाही. होतं तसं राहतं. आता मला ते पुरत नाही."

मावशीने खुर्चीची पाठ धरली. "बाकावर बसून काय म्हणायचीस आठवतं? दहा जणींना खेळवीन म्हणायचीस."

"आठवतं."

"मग?"

"तेव्हा मी बाकावर होते गं," कोच म्हणाली. "बाकावरून सगळ्यांनाच दहा बरोबर वाटतात."

खाली कोर्टवर कुणीतरी एकटंच चेंडू आपटत होतं.

"हे मला तू स्वतः येऊन सांगायचंस," मावशी म्हणाली. "आठ केलेस तेव्हाच. बाकी सगळ्यांबरोबर फळ्यावर वाचायला लावलंस मला."

"माझ्याच्याने झालं नाही."

"दोन मिनिटांचं काम होतं."

"म्हणूनच झालं नाही," कोच म्हणाली आणि तिने चष्मा पुन्हा चढवला.

त्या दिवशी मावशी घरी न जाता कप्तानाकडे गेली. कप्तान तिसऱ्या मजल्यावर राहायची. बऱ्याच वेळाने दार उघडलं. ती कुबड्यांवर उड्या मारत आली होती. खोलीत पडदे ओढलेले, सिंकमध्ये भांडी साठलेली, सोफ्याजवळ पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची रांग. जिच्याभोवती सदैव सातआठ जणी असायच्या त्या मुलीच्या घरात कुणी येऊन गेल्याची खूण नव्हती. सामने होते, सराव होता. आठांचं गाडं पुढे गेलं होतं, सातांचं होऊन.

मावशी चौकटीतच उभी राहिली. "मला एक सांगायचंय."

"जॅकेटचं ना? बघितलं मी. मला तिघींनी पाठवलं ते."

"शिट्टीच्या आधी काढलं मी."

"माहितेय."

"मला आनंद झाला होता." हे म्हणायचं असं तिने जिन्यात ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं.

कप्तान सोफ्यावर टेकली, पाय स्टुलावर उचलून ठेवला. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. आत्ता तर त्याहूनही लहान दिसत होती. "राग आला मला," ती म्हणाली. "अजून आहे. खोटं कशाला बोलू?"

"बरोबर आहे."

"पण चार दिवसांत तूच पहिली आलीस." तिने सिंककडे बघितलं. "मला उभं राहता येत नाही फार वेळ. आंघोळ पण धड नाही झाली."

मावशीने जॅकेट खुंटीला लावलं, बाह्या वर सारल्या. भांडी घासली, बाटल्या पिशवीत भरल्या, पलंगावरची चादर बदलली. मग न्हाणीघराच्या दारात खुर्ची ठेवून कप्तानाला पाठमोरी बसवलं आणि तिचे केस धुऊन दिले. पाणी गरम की गार, एवढंच दोघी बोलल्या. केस पुसताना कप्तान म्हणाली, "जोरात नको," आणि मावशीने हात हलका केला. निघताना तिने विचारलं, "परवा येऊ?" कप्तान म्हणाली, "ये." राग गेला का हे तिने विचारलं नाही. ती आणखी चार-पाच वेळा गेली. दर वेळी कचरा खाली नेला, भाजी-अंडी आणून दिली, आणि दर वेळी कप्तान आभार मानताना जराशी अवघडायची.

उपांत्य सामना सात जणी खेळल्या. तीन क्वार्टर दृष्ट लागावी असा खेळ झाला. कोच कागदावर जे बघत होती ते कोर्टवर दिसत होतं. चौथ्यात पाय जड झाले. दुसरी गार्ड तोंड उघडं टाकून धावत होती, सोपे पास हातातून निसटत होते. समोरच्या संघाने दोन ताज्या मुली उतरवल्या. बारांची आघाडी सहावर आली, सहाची दोनवर.

पाच मिनिटं उरली असताना कोच वळली आणि बाकावर टोकापर्यंत बघितलं. टोकाला मावशी. दोघींची नजर भिडली. मावशीने हात मांडीखाली दाबून धरले होते. कोचचे ओठ किंचित उघडले. मावशीला नंतरही खात्रीने वाटत राहिलं, की तिचा नंबर त्या ओठांवर आला होता. मग कोच पुन्हा कोर्टकडे वळली आणि तिने टाइम-आउट मागितला. त्याच पाच जणी पाणी पिऊन परत गेल्या. सामना पाच गुणांनी गेला.

त्या दिवशी मावशीला कुणी पळायला सांगितलं नाही; हंगामच संपला होता. ती तरीही कोर्टवर गेली, रेघेवर उभी राहिली, आणि मग आपण हे कशासाठी करतोय हे न कळून परत फिरली. कोर्टवरून आत जाणाऱ्या बोळात कोच भिंतीला टेकून उभी होती, एका पायावर भार देऊन. आसपास कुणी नव्हतं.

"तुला उतरवायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," मावशी म्हणाली.

कोच थांबली. जाऊ दे गं, चालायचंच, तुझी तरी काय चूक, असलं काहीतरी येईल म्हणून थांबली असावी. इतकी वर्षं मावशी ते म्हणत आली होती. ते आलं नाही. मावशी बॅग खांद्यावर टाकून निघाली.

तिने तळाच्या क्लबशी वर्षाचा करार केला. जिराफ तिथे नव्हती. तिला तोवर परदेशातून बोलावणं आलं होतं. हॉल खरोखरच गळका होता, दोन ठिकाणी बादल्या ठेवलेल्या. कोच तिशीचा पोरगा, उत्साही, मुलींची नावं चुकवणारा. पहिल्या आठवड्यात त्याने मोठ्या अदबीने तिला विचारलं, "तुमचा अनुभव दांडगा. काही सुचवाल का?"

"अकरा जणी फार होतात," ती म्हणाली. "कुणालाच लय सापडत नाही. आठ ठेवा. फार तर नऊ."

तो गोंधळला. "पण मग तुम्ही…"

"मी कितवी ते तुम्ही बघा. फक्त फळ्यावर लिहायच्या आधी येऊन सांगा."

पहिले सहा सामने ती पंधरा-पंधरा मिनिटं खेळली. वडील फोनवर पुन्हा हवेबद्दल आणि कुत्र्याबद्दल बोलू लागले. सातव्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, ती बुटांच्या नाड्या बांधत असताना तो कोच बदलायच्या खोलीच्या दाराशी आला. आत यावं की नाही अशा पेचात उभा राहिला. हातात कागदाची गुंडाळी होती.

"या," ती म्हणाली. "बसा."

तो बाकाच्या अगदी टोकावर बसला. "आठ केलेत," तो म्हणाला. "तुम्ही…"

"बाहेर."

"सॉरी."

"कारण?"

त्याने कारण सांगितलं. दोन मिनिटं लागली. कारण बरोबर होतं. तिने एकदोन ठिकाणी मान हलवली, एका ठिकाणी त्याची चूक दुरुस्तही केली, आणि तो हलका होऊन, जवळजवळ उड्या मारतच, बाहेर गेला.

ती बसून राहिली. एका बुटाची नाडी बांधून झाली होती, दुसऱ्याची राहिली होती. भिंतीपलीकडे मुली यायला लागल्या होत्या, कुणीतरी जोरात हसलं, चेंडूंची जाळी जमिनीवर रिकामी झाली आणि वीस-पंचवीस चेंडू एकदम घरंगळत गेले. तिने दुसरी नाडी बांधली, सुटू नये म्हणून दुहेरी गाठ मारली, आणि सरावाला गेली.